पळत माहेरी

वजनाचा काटा अठ्ठ्याहत्तरवर येऊन बसला, तो महिना झाला तरी तिथंच. रागिणी सकाळी तोंड धुवायच्या आधी त्याच्यावर उभी राहायची, खाली बघायची, उतरायची. मग काटा दोन फरश्या सोडून दुसरीकडं ठेवायची आणि पुन्हा चढायची. फरशी वर-खाली असली की फरक पडतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. फरक पडत नव्हता.

दीड वर्षापूर्वी हाच आकडा शंभराच्या बराच पुढं होता. तेव्हा नांदेडला तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. पोटातल्या पिशवीचा मोठा भाग कापून काढला आणि केळ्याएवढी एक नळी तेवढी मागं ठेवली. गावात सांगितलं, गुडघ्यांसाठी केलं. गुडघे खरंच दुखत होते, त्यामुळं खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. खरं कारण तिघांनाच ठाऊक होतं: तिला, तिच्या नवऱ्याला आणि माहेरी आईला. ते कारण म्हणजे तिचा धाकटा भाऊ, प्रभू.

प्रभूच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्याला तिसरं वर्ष चालू होतं. आठवड्यातून दोनदा जीपनं नांदेडला जायचं, मशीनला रक्त लावून पडून राहायचं आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखं घरी यायचं. किडनी मिळायची तर जवळच्या नात्यातूनच. बायको शिला तयार होती, पण तिचं रक्त जुळलं नाही. आईचं वय झालेलं. रागिणीचं सगळं जुळलं. फक्त मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडं बघूनच मान हलवली. एवढ्या वजनाच्या बाईची किडनी काढणं तिच्याच जिवाला धोक्याचं, आणि मागं उरलेल्या एका किडनीनं एवढा देह पुढं किती वर्षं ओढायचा? वजन पंचाहत्तरच्या खाली आणा, मग बोलू, असं ते म्हणाले. म्हणाले ते दार लोटून घेतल्यासारखं. येईल असं त्यांनाही वाटलं नसावं.

प्रभूला मात्र सुटल्यासारखं झालं. तो पहिल्यापासूनच नको म्हणत होता. त्यांचे वडील दिलेल्या लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. जावयाच्या दारात यायचे तेव्हा भर उन्हाळ्यातही कोरड्या घशानं ओट्यावर बसून उठून जायचे. प्रभू त्यांच्याच पठडीतला. "बहिणीला द्यायचं असतं, आक्का," तो तेव्हा म्हणाला होता. "तिच्या अंगातलं काढून घ्यायचं, हे आपल्यात कुठं हाये?" विषय तिथं संपला असं त्यानं धरलं. रागिणीनं तो तिथून सुरू केला.

नवरा परमेश्वर एसटीत कंडक्टर, वसमत डेपोला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आधी पोटाचं ऑपरेशन, मग वजन उतरलं की किडनीचं. तो इतकंच म्हणाला, "एकाच बाईला किती खेपा कापायचं?" आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकून आला.

पहिलं वर्षभर वजन आपसूक उतरत गेलं. जेवण म्हणजे तीन-चार चमचे. आधी अंडं नाहीतर घट्ट वरण, मग जागा उरली तर भाकरीचा पापुद्रा. जेवताना पाणी नाही. एक घास जास्त झाला की छातीत खडा अडकल्यासारखं व्हायचं आणि मोरी गाठावी लागायची. केस मुठीनं गळाले. चेहऱ्यावरचं मांस गेलं, कातडी तेवढी राहिली. गावातल्या बाया आधी म्हणाल्या, बारीक झालीस. मग म्हणाल्या, लईच बारीक झालीस. मग काहीच म्हणेनाशा झाल्या, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आता त्या मागं बोलताहेत.

तिकडं प्रभूला पाणी मोजून. दिवसाला तांब्याभर, त्यातच चहा आणि त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. सणावाराला बहीण-भाऊ एका पंगतीत बसले की तिच्या ताटात काही नसायचं आणि त्याच्या ताटाशेजारी पेला नसायचा. वाढणारीला या दोघांचं काय करावं ते कळायचं नाही. ती पुढं सरकायची.

आणि मग वजन अडलं. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी समजावून सांगितलं की शरीर आता एवढ्याशा अन्नावर निभवायला शिकलंय, नुसत्या चालण्यानं ते ऐकायचं नाही. त्याला थोडं पळवा. रागिणीला हसू आलं. शाळा सुटल्यापासून ती कधी पळाली नव्हती. एसटी गाठायलाही नाही, कारण नवऱ्याचे सोबती तिला लांबून ओळखायचे आणि गाडी उभी करायचे.

तरी ती पळायला लागली. पहाटे, गावाच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या भरावावरून. त्या वाटेला सकाळी कुणी फिरकत नाही. अंगात पंजाबी ड्रेस, पायात वसमतच्या बाजारातून आणलेले बूट, ओढणी कमरेला गुंडाळलेली. सगळ्यात मोठी अडचण पोटाची होती. आतला मेद गेला, पण कातडी तशीच लोंबत राहिली. पाऊल टाकलं की ती आपटायची, घामानं खाली लाल चट्टे उठायचे. मग तिनं बाळंतिणीचं पोट बांधतात तसं जुन्या लुगड्याची पट्टी काढून पोट आवळून बांधायला सुरुवात केली. दोन लेकरांच्या वेळी आईनं बांधलं होतं तसंच, फक्त आता बांधणारी तीच.

पळणं कसलं, घसटत जाणं. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं. पुढं पुढं चालायचे खांब कमी झाले. पण लोक म्हणतात तसं पळून आल्यावर तरतरी येते वगैरे, ते तिला कधी जाणवलं नाही. तिचा थकवा पळण्यानं आलेला नव्हता. तो उठतानाच अंगावर असायचा, ओल्या घोंगडीसारखा, आणि ती तो घेऊनच पळायची. रक्ताच्या गोळ्या चालू होत्या, महिन्याला इंजेक्शन होतं. कधी कधी बूट बांधताना वाकलेली ती तशीच बसून राहायची, आणि परमेश्वर ड्युटीला निघताना म्हणायचा, आज राहू दे. ती उठायची. त्यानं राहू दे म्हटलं नसतं तर कदाचित उठली नसती.

माघ सरत आला होता. शिवारात हळद काढून झाली होती आणि शेताशेतांत हळद शिजवायचे कुकर लागले होते. हे काम उन्हाआधी उरकतात, त्यामुळं पहाटेच्या अंधारातही बांधाबांधावर जाळ दिसायचे आणि माणसं जागी असायची. त्या दिवशी रागिणी कालव्यावर गेली तर वाट बंद. रात्री पाणी सुटलेलं, कुठंतरी भराव फुटून वाटेवर गुडघाभर चिखल. ती थोडा वेळ उभी राहिली. परत जाऊन झोपावं असं फार वाटलं. मग नंतर जमणार नाही म्हणून ती वळली आणि डांबरी रस्त्याला लागली. तो रस्ता तिच्या माहेरी जातो. तिला जवळच दिलेलं होतं. मधे दोन ओढे आणि एक तांडा, एवढंच अंतर.

गावाकडं बाई कधी पळत नाही. पाऊस आला तरी ती पदर डोक्यावर घेऊन झपझप चालते. आणि लग्न झालेली बाई डोकं उघडं टाकून, दिवस उगवायच्या आत, माहेरच्या रस्त्यानं पळत निघाली तर त्याचा एकच अर्थ होतो: माहेरी काहीतरी वाईट घडलं. हे रागिणीला ठाऊक नव्हतं असं नाही. तिला ते त्या वेळी आठवलं नाही, एवढंच. ती खांब बघत होती.

पहिल्या ओढ्यापाशी कुकरवरच्या लोकांनी तिला ओळखलं. प्रभूचं दुखणं पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत. एकानं हाक मारून विचारलं, ताई, काय झालं? तिच्या तोंडून शब्द निघण्याजोगा श्वास नव्हता. तिनं हात वर केला आणि पुढं गेली. मागं कुकरच्या जाळापाशी माणसं उठून उभी राहिली आणि एकानं खिशातून मोबाईल काढला, हे तिनं पाहिलं नाही.

तांड्याच्या फाट्यावर लालसिंगनं तिच्याशेजारी मोटारसायकल हळू केली. लालसिंग प्रभूचा शाळेतला दोस्त. त्याचा चेहरा पडलेला होता. "बस आक्का, सोडतो," तो म्हणाला. ती नको म्हणून मान हलवत राहिली. खांब चुकला असता. तो थोडा वेळ तिच्या बाजूनं तसाच गाडी चालवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी बघून तिला वाटलं, धूर गेला असेल. "नको करू असं. पळून काय व्हनार हाये आता," असं काहीतरी तो म्हणाला, तोंडावरून हात फिरवला आणि पुढं निघून गेला. मागून आणखी दोन गाड्या आल्या, त्याही तिला मागं टाकून गावाकडं गेल्या. लोक एवढ्या सकाळी कुठं निघालेत, असा विचार तिच्या डोक्यात आला आणि गेला. पळताना तिच्या डोक्यात काही टिकत नसे.

गावच्या वेशीशी तिनं चालायला सुरुवात केली. तिथून परत फिरायचा तिचा बेत होता. आणि तेवढ्यात तिनं ते ऐकलं.

रडणं तिच्या आळीतून येत होतं. एकटीचं नाही, बऱ्याच बायांचं. त्यात एक आवाज आईचा होता.

मग ती जी पळाली, ते पळणं वेगळं होतं. त्यात खांब नव्हते. पोटावरची पट्टी सुटली आणि पायात आली, ती तिनं ओढून फेकली. दीड वर्ष. दीड वर्ष तिनं पोटभर अन्न खाल्लं नव्हतं, आणि तीन किलो कमी पडले, तीन किलो. रस्ताभर तिला एवढंच दिसत होतं की तीन किलो म्हणजे एवढुशी पिशवी, हातात धरून नेता येते.

दारात माणसं होती. तिला बघताच बायांचा आवाज चढला आणि दोघीजणी तिला धरायला धावल्या. आई ओसरीवर बसली होती, पंचफुलाबाई, पाठीत वाकलेली, ऐकायला कमी येणारी. तिनं लेकीच्या कमरेला मिठी मारली आणि विचारलं, "कसं झालं गं बाई? मला न सांगता कवा नेलं त्याला?"

रागिणी तेच विचारायला आली होती.

"शिला कुठं हाये?" कसंबसं तिनं विचारलं.

शिला शेतात होती, रात्री तीनपासून, हळदीच्या कुकरवर. घरात म्हातारी एकटीच. शेजारणी दार वाजवत आल्या, तुमच्या रागिणीला निरोप आलाय, ती पळत येऊन राहिली, असं म्हणाल्या. पंचफुलाबाईनं आत जाऊन बघितलं तर प्रभूची खाट रिकामी. रात्रीतून दवाखान्यात नेलं आणि म्हाताऱ्या माणसाला सांगितलं नाही, असंच तिनं धरलं. अशा घरांत म्हाताऱ्या माणसांना सांगत नाहीतच. पुढचं सगळ्यांनी मिळून पुरं केलं. चुलते मसाजी तर टोपी काढून ओट्याच्या कडेला बसले होते आणि सरणाच्या लाकडांचं कुणाला सांगायचं ते ठरवत होते.

"निरोप मला न्हाई आला," रागिणी म्हणाली. "मी तर नुसती पळत व्हते."

हे कुणालाच कळलं नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं. आणि ती सांगत असतानाच घराच्या मागच्या अंगानं, शेळ्यांच्या गोठ्याकडून, प्रभू आला. अंगावर शाल, काखेत एक करडू. तोंड सुजलेलं, रोज सकाळी सुजलेलं असतं तसं. त्याला रात्री अंगाच्या खाजेनं झोप लागत नसे, म्हणून अलीकडं तो गोठ्यातल्या बाजेवर जाऊन पडायचा. शेळ्यांच्या उबेनं जरा डोळा लागायचा.

त्यानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. "कोण गेलं?" त्यानं विचारलं.

मसाजींनी टोपी घातली.

"तूच गेल्ता, लेका," ते म्हणाले.

आधी कुणीतरी तोंडावर पदर घेतला. मग एका बाईला हसू आवरेना, मग दुसरीला. पंचफुलाबाई मात्र लेकाच्या पायांना हात लावून बघत होती, आणि करडू ओरडत होतं. लालसिंग भिंतीला टेकून उभा होता. त्यानं प्रभूला एक शिवी दिली आणि मग तिथंच रडला. बायकांनी चहा ठेवला. रडायला जमलेली माणसं चहा न घेता कशी जाणार?

चहा होत होता तेव्हा विषय पुन्हा रागिणीवर आला. पण पळत काहून होती, असं मसाजींनी विचारलं. व्यायाम, ती म्हणाली. अगं, निम्मी तर झालीस, आणखी कशाला व्यायाम, कुणीतरी म्हणालं. आणखी बारीक झालीस तर वाऱ्यानं उडशील, असं दुसरी म्हणाली आणि सगळे हसले. तेव्हा पंचफुलाबाई बोलली. तिला अर्धंच ऐकू आलं होतं, आणि पहाटेपासून ती एकदा लेकाला गमावून बसली होती. आता तिला काही लपवायचं भान नव्हतं.

"हसा तुमी," ती म्हणाली. "त्याला किडनी द्याची म्हणून पोट कापून घेतलं तिनं. गुडघ्याचं काय घेऊन बसलात? डाक्टर म्हणला बारीक व्हा, तवा घेतो. जेवण सोडलं पोरीनं. वजन अजून उतरत न्हाई म्हणून पळून राहिली."

प्रभूनं रागिणीकडं पाहिलं, बराच वेळ. मग करडू खाली सोडलं आणि आला तसा गोठ्याकडं निघून गेला.

माणसं पांगली. उन्हं अंगणात आली तेव्हा रागिणी उठली. पाय धरून आले होते. गोठ्यात तो बाजेवर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. ती उंबऱ्यापाशी खाली बसली.

"मला ईचारलं का?" तो म्हणाला.

"ईचारलं असतं तर न्हाई म्हणला असतास."

"मंग तेच उत्तर व्हतं ना."

एक शेळी येऊन तिच्या ओढणीचं टोक चघळायला लागली. तिनं ती ओढून घेतली नाही.

"माझ्या नावानं तू जेवण सोडलं, केस गेले, अन् मी समजून राहिलो गुडघे. लोकाईला काय वाटलं असंल, भावानं बहिणीला खाल्लं."

"लोकाईला म्हाईत नव्हतं."

"आता हाये."

ते खरं होतं. ती मान खाली घालून बसली. तिला वाटलं, संपलं. तो नको म्हणणार आणि ते शेवटचं असणार, आणि तिच्याकडं आणखी भांडायला काही उरलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला थोडं हलकंही वाटलं. उद्या पहाटे उठायला नको. त्या हलकेपणाची तिला लगेच भीती वाटली.

"मी आलो त्याच्या आधीपासून ऐकत व्हतो," प्रभू मधेच म्हणाला. आवाज खाली गेला होता. "इथून समदं ऐकू येतं. पहिल्यांदा मला बी वाटलं, शेजारी कोणी गेलं. मंग माझं नाव ऐकलं. उठलोच न्हाई. म्हणलं, बघू तर काय म्हणतेत."

"काय म्हणत व्हते?"

"सुटला म्हणत व्हते." तो थांबला. "समदेच. मसाजीकाका म्हणले, सुटला बिचारा. लालसिंग बी म्हणला. मी रोज मशीनवर पडल्या पडल्या तेच म्हणतो, आक्का, देवा सोडव. पण ते म्हणले तवा मला असा राग आला. म्हणलं, तुमी कोण मला सोडवणारे?"

तो हसला नाही. तिनंही हसायचा प्रयत्न केला नाही. शिला शेतातून पळत येताना लांबून दिसली. तिला उशिरा कुणीतरी फोन केला असावा. प्रभू उठून तिला सामोरा गेला, जिवंत असल्याचं दाखवायला. किडनीबद्दल तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

रागिणी लालसिंगच्या मोटारसायकलवर बसून घरी आली. परमेश्वरला डेपोतच सगळं कळलं होतं; एसटीत बातमी प्रवाशाच्या आधी पोचते. त्या दिवशी भाकरी त्यानं थापली, जाड आणि वेडीवाकडी. ती दुसऱ्या दिवशी उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंग दुखत होतं हे खरं होतं, पण ती सबब होती हेही खरं होतं. बूट दाराआड पडून होते. ज्याला घ्यायचं नाही त्याच्यासाठी किती पळायचं? आणि पळणं सोडलं, तर दीड वर्ष ती कशासाठी उपाशी राहिली, याला उत्तर काय? ती आढ्याकडं बघत पडून राही आणि बाहेर पुन्हा उजाडून जाई. कालव्याची वाट वाळली होती, असं परमेश्वरनं सहज सांगितलं. तिनं हूं म्हटलं.

मशीनच्या दिवशी प्रभूची जीप तिच्या गावावरून जायची. ती कधी थांबत नसे. त्या दिवशी थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रागिणी पदराला हात पुसत बाहेर आली तर प्रभू मागच्या बाकावर खिडकीला टेकून बसलेला, शेजारी शिलाची जागा रिकामी.

"शिलाचं हळदीचं काम उरलंय," तो म्हणाला. "सोबतीला चल."

तिनं साडीसुद्धा बदलली नाही. शेजारणीला लेकरांचं सांगितलं, खाण्याची पिशवी उचलली आणि बसली. पुढं भाजीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बाया होत्या, त्या आपापसांत बोलत होत्या. रस्ता खराब होता. वसमत मागं पडलं. प्रभूचा श्वास भरून आल्यासारखा वाटत होता. आतलं पाणी वाढलं की तसं व्हायचं. तिला सवय होती, तरी तिचे कान तिकडंच होते.

"अजून किती उतरायचं ऱ्हायलं?" त्यानं खिडकीबाहेर बघत विचारलं.

तिला आधी कळलं नाही कशाचं. मग कळलं.

"तीन किलो. आता चार असंल. तीन दिवस पळले न्हाई."

"काहून?"

त्याला उत्तर नको होतं बहुतेक.

"मी तिथं गेल्यावर ऐन टायमाला न्हाई म्हणू शकतो, हे ध्यानात ठेव," तो म्हणाला. "आपरेशनच्या आधी डाक्टर लोक मला एकट्याला बसवून ईचारतेत म्हणं. तवा मला काय वाटंल ते मला आज म्हाईत न्हाई."

"बरं."

"अन् आपल्या गावातून पळू नको. माय मरंल एखाद्या दिवशी."

"बरं," ती पुन्हा म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. पुढच्या बाया टोमॅटोच्या भावावरून भांडत होत्या. उन्हं जीपच्या काचेतून आत आली आणि बाक तापला. रागिणीनं पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं, अर्धं खाल्लं, अर्धं पुन्हा फडक्यात बांधलं. प्रभूची मान हळूहळू कलंडत तिच्या खांद्यावर आली. ती बाजूला झाली नाही. थोड्या वेळानं तिचीही मान त्याच्या डोक्यावर टेकली, आणि खड्ड्यांतून आदळत, हॉर्न वाजत, दोघं झोपून गेले.

जीप थांबली. ड्रायव्हरनं मागं वळून सांगितलं, दवाखाना आला, उतरा. दोघंही जागे झाले होते. पण आधी कोण उठतंय याची वाट बघत दोघं आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले.